ॲम्ब्युलन्सच्या ड्युटीचा मनावर येणारा ताण: परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात अकरा वर्षं ॲम्ब्युलन्सवर ईएमटी होतो, म्हणजे गाडीत पेशंटला सांभाळणारा माणूस, आता नवीन पोरापोरींना ट्रेनिंग देतो. वर्गात सीपीआरबद्दल (हृदय बंद पडलं की छाती दाबतात ते), ऑक्सिजनबद्दल सगळे बिनधास्त हात वर करून विचारतात, पण मनाचे प्रश्न नंतर येतात, चहाच्या गाड्यावर नाहीतर रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवर, आणि बहुतेक वेळा "सर, एका मित्राचं विचारायचं होतं" अशी सुरुवात करून. मी डॉक्टर नाही. जे स्वतः बघितलं, ज्यातून स्वतः गेलो आणि नंतर सायकियाट्रिस्टकडून जे समजून घेतलं ते लिहितोय.

इतकी वर्षं काम केल्यावर सवय होत नाही का?

रक्ताची होते. वासाची पण बऱ्यापैकी होते. पण रक्ताच्या आजूबाजूला जे साधं रोजचं आयुष्य पडलेलं असतं ना, त्याची होत नाही. एका रविवारी सकाळी म्हापशाच्या बाजूला स्कूटरचा अपघात होता, माणूस पन्नाशीचा, हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता, आणि स्कूटरच्या हुकाला बांगडे मासळीची पिशवी तशीच लटकत होती, फाटली पण नव्हती. घरी कोणीतरी वाटण घालून वाट बघत असणार. त्यानंतर कित्येक महिने मी मासळी बाजारात गेलो नाही, बायकोला सांगायचो की तूच जा, आणि का ते तिला पण सांगितलं नाही. केसमध्ये मी एकही चूक केली नव्हती. तरी ती पिशवी राहिलीच डोक्यात.

त्यामुळे कोणी सिनियर "होईल सवय" म्हणून पाठीवर थाप मारत असेल तर त्याचा हेतू चांगलाच असेल, पण सवय झाली नाही म्हणून तुमच्यात काही कमी आहे असं धरून चालू नका.

मोठ्या दुर्घटनांमुळे जास्त त्रास होतो ना?

लोकांना तसं वाटतं. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, अशा ठिकाणी जे गेले त्यांनी जे बघितलं ते भयंकरच होतं, त्यात वाद नाही. पण तेव्हा एक गोष्ट होते, अख्ख्या गोव्याला माहीत असतं. शेजारी विचारतात, घरचे जेवायला वाढून गप्प बसतात, साहेब लोक पण फोन करतात.

दुपारी तीन वाजता कुठल्यातरी वाड्यावर एक म्हातारी एकटीच पडलेली सापडते, तिला आणून सोडता, पेपरात काही येत नाही, आणि वीस मिनिटांत पुढची केस लागते. त्याबद्दल कोण विचारणार? माझ्या अनुभवात आत साचतं ते हेच. आणि अजून एक, आपल्याला शेवट कळत नाही. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर बदललं, हँडओव्हर दिला, कागदावर सही घेतली, कंट्रोल रूमसाठी केस क्लोज. तो पोरगा वाचला का, पाय राहिला का, काही कळत नाही, आणि डोकं मग स्वतःच शेवट लिहीत बसतं आणि तो कधीच चांगला लिहीत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, जिथे नियमात बसतं तिथे दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन सिस्टरना एकदा विचारून या. वाईट बातमी असली तरी ती खरी असते.

सीपीआर देऊनही पेशंट गेला, माझंच काही चुकलं असं सारखं वाटतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे आकडे माहीत असू द्या. हॉस्पिटलच्या बाहेर ज्याचं हृदय बंद पडतं अशा लोकांपैकी, अगदी श्रीमंत देशांत, चांगल्या यंत्रणा असतानासुद्धा, साधारण दहातला एक जिवंत घरी जातो, कितीतरी ठिकाणी तेवढा पण नाही. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. आता सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर, जिथे शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता नाही आणि स्ट्रेचर हातातून न्यायचं, तिथे तुम्ही पोचेपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं, म्हणजे जर आधी घरातल्या कोणी छाती दाबायला सुरुवात केली नसेल तर. हे कोणीतरी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला पाहिजे, कारण टीव्हीवर बघून सगळ्यांना वाटतं की दोन मिनिटं दाबलं की माणूस खोकून उठतो.

दुसरं, बरगडी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचं असतं, आणि तसं बरोबर दाबलं तर मोठ्या माणसाच्या बरगड्या मोडू शकतात, बऱ्याचदा मोडतात. तो कट्ट आवाज आणि हाताखाली एकदम ढिलं पडणं, ते हातांना आठवत राहतं. एक मुलगी मला म्हणाली की पोळ्यांचं पीठ मळताना तिचे हात थांबतात. मी तिला तेवढंच सांगितलं की तू जोर कमी लावला असतास तर रक्त मेंदूपर्यंत गेलंच नसतं, तो आवाज चुकीचा नव्हता. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली की हे मला कोणी आधी का नाही सांगितलं.

तिसरं, मृत घोषित करायचा अधिकार डॉक्टरचा, आपला नाही. म्हणून कित्येकदा आपल्याला मनातून कळलेलं असतं तरी वाळपईपासून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजपर्यंत चालत्या गाडीत गुडघ्यावर बसून दाबत राहावं लागतं, समोर त्याचा मुलगा बसलेला असतो आणि तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. आशा दाखवायची नाही, आशा तोडायची पण नाही, आणि हात थांबवायचा नाही. त्या चाळीस मिनिटांनी माणूस थकतो, नुसता अंगाने नाही, आणि ते थकणं ही चूक नाही.

गोवा एवढासा, ओळखीचंच कोणी निघालं तर?

निघतंच. ३७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, त्यात ज्या त्या तालुक्याचा माणूस त्याच तालुक्यात ड्युटीला, म्हणजे आज ना उद्या शाळेतला सर, आतेभाऊ, देवळात घुमट वाजवून साथ करणारा कोणीतरी स्ट्रेचरवर येणारच. माझ्या बाबतीत माझ्या मित्राची आई होती. मी तिच्या हातचं जेवलोय. तेव्हा हात एकदम मशीनसारखे चालले, काही वाटलंच नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली, की मला काही वाटत कसं नाही. आठवड्याने चवथीच्या आरतीला उभा होतो आणि तिथे रडू कोसळलं, लोकांना वाटलं देवासमोर भरून आलं.

त्या वेळेपुरतं काही न वाटणं हे शरीराचंच काम असतं, हात चालू राहावेत म्हणून. त्याने तुम्ही दगड होत नाही. पण शक्य असेल तर अशा केसमध्ये पार्टनरला सांगा की हे माझ्या ओळखीचे आहेत, नातेवाइकांशी तू बोल. एवढं एक वाक्य खूप उपयोगी पडतं.

आणि रस्त्यांचं काय, तर आमच्यातल्या प्रत्येकाचा गोव्याचा स्वतःचा एक नकाशा असतो. हे वळण म्हणजे ती केस, तो वड म्हणजे ती केस. घरी भाजी घेऊन जाताना पण त्याच वडाखालून जायचं. काही दिवस दुसऱ्या रस्त्याने गेलात तर बिघडत नाही, पण महिनोन्महिने लांबचा वळसा घालत असाल तर कोणाला तरी सांगा.

झोप लागत नाही, तेच तेच दिसतं. हे नॉर्मल आहे की आजार?

वाईट केसनंतर पहिले काही दिवस स्वप्नं पडणं, सायरनसारखा आवाज आला की दचकणं, जेवण नको वाटणं, पोरांवर विनाकारण ओरडणं, हे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू आपोआप कमी होतं. हेच तीन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत जोरात टिकून राहिलं आणि काम, घर दोन्हीवर परिणाम करायला लागलं तर डॉक्टर त्याला ॲक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, आणि महिना उलटून पण टिकलं तर पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, आहे का ते तपासतात. म्हणजे महिना झाला की थांबू नका एवढं लक्षात ठेवा, आणि त्रास फार असेल तर महिन्याची वाट पण बघू नका.

बर्नआउट वेगळं. त्यात एखादी केस डोक्यात नसते, सगळ्याच केसेसचा कंटाळा येतो, पेशंट म्हणजे नुसता नंबर वाटायला लागतो, "आलंच आहे आणखी एक नाटक" असे शब्द तोंडातून जातात. आपल्या तोंडून असं काही गेलं आणि आपलंच आपल्याला नवल वाटलं तर ती वेळ आहे सुट्टी मागायची.

केस झाल्यावर लगेच काय करायचं?

गाडी धुवायची. खरंच सांगतोय. रक्त सांडलं असेल तर १ टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारायचं औषध) टाकून थांबायचं, मग पुसायचं, हे तसंही करायचंच असतं, ते एकट्याने करू नका. पायलट (ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला आम्ही पायलट म्हणतो) आणि ईएमटी दोघांनी मिळून करा आणि करता करता बोला. काय झालं, आधी काय बघितलं, कुठे अडकलो. समोरासमोर बसून "तुला काय वाटतंय सांग" म्हटलं की आपली माणसं गप्प होतात, पण हातात फडका असला की बोलतात. आमच्या गाडीवरचा पायलट, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, डिचोलीचा, त्याने मला या पद्धतीने किती वेळा सावरलं त्याचा हिशोब नाही. तो फक्त म्हणायचा, "पाणी पी आधी, मग सांग."

मात्र सगळ्या टीमला एका खोलीत बसवून जबरदस्तीने सगळं सांगायला लावायचं, एकच सेशन करून मोकळं व्हायचं, हा प्रकार पूर्वी खूप चालायचा, पण अभ्यासांत त्याने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही आणि काही लोकांचा त्रास उलट वाढला, म्हणून आता तसं करू नका असं सांगतात. ज्याला बोलायचंय त्याला जागा द्या, ज्याला नाही त्याला चहा द्या आणि जवळ बसा.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईला संमोहित करताना दाखवलाय तो. कांदोळीत १७५६ ला जन्मलेला, संमोहनाचा अभ्यास करणारा हा पाद्री. त्याची एक गोष्ट आपल्याकडे सांगतात की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि भीतीने वाचाच बसली, तेव्हा जवळ असलेला बाप हळूच कोकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", म्हणजे समोरचे सगळे नुसती भाजी आहेत, चिरून टाक, आणि याची भीती गेली, घडाघडा बोलायला लागला. मला ही गोष्ट आठवते कारण आमच्या कामात पण तेच असतं. जवळून आपल्या माणसाने आपल्या भाषेत वेळेवर एक वाक्य टाकलं की बंद पडलेला माणूस परत चालू होतो, आणि ते वाक्य बहुतेक वेळा पायलटचं असतं. ट्रेनिंगमध्ये पायलटना गाडीपलीकडे फार काही शिकवत नाहीत, हे मला अजून पटत नाही.

ड्युटी संपल्यावर दोन पेग घेतले तर काय झालं?

गोव्यात दारू स्वस्त, बार प्रत्येक वळणावर, आणि नाईट करून आलेल्याला झोप पाहिजे असते, त्यामुळे मला समजतं. पण दारूने झोप लागते पटकन आणि उत्तररात्री मोडते, आणि मोडलेल्या झोपेत स्वप्नं जास्त येतात. दोनाचे चार कधी होतात ते कळत नाही. आमच्या बॅचमधला एक चांगला मुलगा असाच गेला कामावरून, हात थरथर कापायला लागले होते त्याचे. कधीतरी मित्रांबरोबर घेणं वेगळं आणि केस विसरायला एकट्याने घेणं वेगळं, हा फरक तुमचा तुम्हाला आतून माहीत असतोच.

झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांचं पण तेच, ओळखीच्या फार्मसीतून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत.

मी कंट्रोल रूममध्ये कॉल घेते, मी तर काही बघत पण नाही. मला का त्रास व्हावा?

बघत नाही म्हणूनच. बाई फोनवर किंचाळतेय, तुम्ही तिला सांगताय की बाळाला कुशीवर वळवा, श्वास बघा, आणि फोन कट होतो. संपलं. पुढचा कॉल. आम्ही निदान जागेवर पोचून काहीतरी करतो, तुम्हाला फक्त आवाज मिळतो. कामाचा भाग म्हणून असले भयंकर तपशील परत परत समोर येणं यानेही पीटीएसडी होऊ शकतो, हे अमेरिकन सायकियाट्रीच्या २०१३ च्या निकषांमध्ये लिहिलेलं आहे. तेव्हा "मी तर खुर्चीवर बसूनच काम करते" असं म्हणू नका.

किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि अग्निशामक दलाची मुलं यांना पण हे सगळं तसंच लागू आहे, विशेषतः विहिरीतून बॉडी काढायची वेळ येते तेव्हा.

नातेवाईक अंगावर येतात, "उशिरा आलात" म्हणतात.

खूप लागतं ते. वाट बघणाऱ्याला दहा मिनिटं म्हणजे एक तास असतो, हे मला पहिल्या दोन वर्षांनी समजलं, त्याआधी मी भांडायचो. आता मुलांना सांगतो, वेळेचा हिशोब देऊ नका, "आम्ही आलोय, आता मला यांच्याकडे बघू दे" एवढंच बोला आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याला काम द्या, टॉर्च धर, गेट उघड. पण हात उचलला तर सहन करायचं नाही, गाडीत बसून दार लावा आणि पोलिसांना बोलवा. शिव्या खाणं हा कामाचा भाग आहे असं मानणारे साहेब असतात, मी मानत नाही.

सायकियाट्रिस्टकडे गेलो तर नोकरी जाईल का? लोक काय म्हणतील?

दुसरा प्रश्नच खरा असतो. बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल, आहे, आणि आपल्याकडे "बांबोळीला न्यायला पाहिजे याला" हे चेष्टेत बोलतात, त्यामुळे त्या गेटमधून आत जाताना आपलाच एखादा ॲम्ब्युलन्सवाला बघेल ही भीती. मी गेलो होतो. दोनदा गेटपासून परत फिरलो, तिसऱ्यांदा आत गेलो, आणि बाहेर बाकड्यावर माझ्यासारखेच साधे लोक बसलेले होते, कोणी बँकेतला, कोणी शेतकरी. तिथे जायचं नसेल तर म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात पण सायकियाट्रीची ओपीडी असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला पण कव्हर द्यायचं असतं. उपचार म्हणजे लगेच गोळ्या असं नाही. ट्रॉमासाठीची खास सीबीटी आहे (विचार आणि वागणं बदलायला बोलून मदत करतात), ईएमडीआर आहे (डोळे इकडून तिकडे हलवत ती आठवण हाताळतात), दोन्हींचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. मला सगळं मिळून चार-पाच महिने लागले. मासळी बाजारात मी आता जातो.

जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येतात.

आजच कोणाला तरी सांगा, हे वाचून झाल्यावर लगेच. टेली मानस, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि तुमचा पार्टनर असं काही बोलला तर चेष्टेवर नेऊ नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही, उलट बोलायला दार उघडतं. विचारल्यावर त्याला एकटा सोडू नका, आणि धोका आत्ताच वाटत असेल तर १०८ लावा. आपलेच लोक येतील, लाज कसली.

माझा नवरा ॲम्ब्युलन्सवर आहे, घरी येऊन काही बोलत नाही. मी काय करू?

वहिनी, तो तुमच्यापासून लपवत नाही, तुमच्या डोळ्यासमोर ते चित्र येऊ नये म्हणून गप्प बसतो. "काय झालं?" विचारलं की त्याला अख्खी केस सांगावी लागेल असं वाटतं. त्यापेक्षा "आज जड होतं का?" विचारा, त्याला हो नाहीतर नाही म्हणता येतं. आल्या आल्या अर्धा तास द्या, आंघोळ करू दे, गॅस सिलिंडरचा आणि शाळेच्या फीचा विषय नंतर. पण महिना महिना असंच चाललं, तो पोरांना जवळ पण घेत नसेल, तर त्याच्या पायलटला फोन करा. तो खरं सांगेल.

मी ईएमटी नाही, रस्त्यात अपघात बघून थांबले होते. अजून ते डोळ्यासमोर येतं.

थांबलात त्याबद्दल आधी मनापासून आभार. वर लिहिलेलं झोपेचं, महिन्याचं सगळं तुम्हाला पण लागू. आणि पोलिसांच्या कटकटीची भीती असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ए आलंय, मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

हे काम सोडावं का?

सोडलं तर पळपुटेपणा नाही. मी गाडीवरून उतरलो तेव्हा मला सहा महिने तसंच वाटत होतं. पण वाईट केसच्या आठवड्यात राजीनामा लिहू नका, आधी बदली मागून बघा, कमी केसेसचं लोकेशन, काही दिवस फक्त डे शिफ्ट. आणि साहेब लोक वाचत असतील तर त्यांना एकच विनंती, लहान मुलाची केस झाली की त्या गाडीला एक तास तरी पुढची केस देऊ नका. शक्य नाही म्हणता येईल, मला गाड्यांची संख्या माहीत आहे, तरी मागत राहणार.

उद्या माझ्याबरोबर नवीन मुलगी आहे, तिची पहिलीच ड्युटी. काही सांगाल?

डबा खाल्ला का ते विचार. कुठल्या गोष्टीची भीती वाटते ते पण आधीच विचार, बहुतेक जणी लहान मुलं म्हणतात. पहिल्या वाईट केसनंतर परत येताना तिला मागे पेशंट कंपार्टमेंटमध्ये एकटीला बसू देऊ नको, पुढे पायलटच्या शेजारी बसव, खिडकी उघडी ठेव. गाडी धुताना हायपोक्लोराइटची बादली तू भर आणि फडका तिच्या हातात दे. ती बोलली तर ऐक, मधे तुझी जुनी केस सांगत बसू नको. आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारून आलास आणि पेशंट शुद्धीवर आलेला असला, तर शिफ्ट संपायची वाट बघू नको, तिला लगेच फोन कर.